न दिलेली बाटली

"मॅडम, औषधाची एकच बाटली द्या," सलीमभाई हात जोडून म्हणाले. आर्णीला त्यांचं टू-व्हीलरचं गॅरेज. शेजारी बायको, नसरीनभाभी, डोक्यावर ओढणी घट्ट. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. केमो अर्धी राहिली होती आणि मागच्या डोसला त्या गेल्याच नव्हत्या.

कारण आम्हीच. यवतमाळच्या फार्मसी कॉलेजात मी सोयाबीनमधल्या जेनिस्टिन नावाच्या द्रव्यावर काम करते. काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी त्यानं मरतात, एवढंच मला दिसलं होतं. प्राचार्यांनी मात्र गेटवर माझ्या फोटोचा भला मोठा फ्लेक्स लावला: 'सोयाबीनची कॅन्सरवर मात!' तो वाचूनच हे दोघं केमो सोडून माझ्याकडे आले होते.

प्राचार्य कानाशी आले. "द्या ना. सोयाबीनच तर आहे. कॉलेजचं नाव होईल."

"आणि बाई दगावली तर कोणाचं नाव होईल, सर?"

मी नवराबायकोला लॅबमध्ये नेलं. फेकायला काढलेल्या एका बशीतल्या पेशींवर लिंबू पिळलं. मेलेल्या पेशी निळ्या दाखवणारा रंग टाकला आणि भाभींना मायक्रोस्कोपमधून पाहायला लावलं.

"सगळं निळं दिसून राह्यलं, मॅडम."

"सगळ्या मेल्या. लिंबानं. मग सरबत पिऊन कॅन्सर गेला असता का? माझं औषधही अजून बशीतलंच आहे. मात्रा चुकली तर काही गाठी त्यानं वाढूही शकतात."

सलीमभाई म्हणाले, "चेन रॉकेलात बुडवली तं चकाचक होते. म्हणून टाकीत रॉकेल ओतत नाही कोनी."

"अगदी तसंच."

"पन हिच्या उलट्या पाहवत नाही, मॅडम," ते म्हणाले.

भाभी उसळल्या. "उलट्या मले होते, अन् घाबरून राह्यले तुमी! चला दवाखान्यात."

तिथूनच मी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. फ्लेक्सही त्याच दिवशी उतरवून घेतला, प्राचार्यांचं तोंड वाकडं झालं तरी. सलीमभाई म्हणाले, "फेकता कायले? मले द्या."

केमो पूर्ण झाल्यावर भाभी मुद्दाम भेटायला आल्या. ओढणी जराशी सरकवून नवे केस दाखवले. मला इतका आनंद कुठल्याही रिसर्च पेपरनं दिलेला नाही. माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं काम म्हणजे ती न दिलेली बाटली, हे मी छाती पुढे काढून सांगते.

फ्लेक्स आता आर्णीच्या गॅरेजात जमिनीवर पसरलेला असतो. त्यावर इंजिनं उघडतात आणि माझ्या तोंडावर ऑइल गळतं. बशीत जिंकलेल्या माणसानं एवढ्याच उंचीवर राहावं.