मधली पात

आमच्या गावात रोजानं खुरपायला जाणाऱ्या आम्ही बारा बायका होतो. आधी आमच्या पुढं असणारी बाई लेकीकडं राहायला गेली आणि तिची जागा माझ्याकडं आली. माझ्याजवळ मोबाइल होता, एवढंच कारण. शेतमालक फोन करून किती बायका पाहिजेत ते सांगतात. मला मात्र परक्या माणसापुढं शब्द सुचत नाहीत. चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथंही हजेरी हळूच द्यायचे. बायका हसायच्या, "मालक हिला इचारतो आन् ही मातीला सांगती."

बोलता येत नसलं तरी काम कसं लावायचं ते मला कळायचं. रानात प्रत्येक बाई आपली पात धरते, म्हणजे खुरपायला आपापल्या ओळी घेते. बांधाकडच्या पहिल्या पातीवरची बाई सरकेल तशा बाकीच्या सरकतात. मालक बांधावर आला की त्याची नजर पहिल्यांदा तिच्यावरच जाते. ती पात मी धरायचे.

आमच्यात एक आत्या होती, माझ्या सासरच्या नात्यातली. घरात एकटी. तिचे गुडघे गेले होते. बसली की उठता येत नसे, म्हणून ती बसूनच सरकायची. तिला मी सहाव्या पातीवर, मधोमध बसवायचे. दोन्ही बाजूच्या बायका आपलं खुरपता खुरपता तिच्या ओळीतलंही हातभर गवत काढत जायच्या. हे कोणी ठरवलं नव्हतं आणि त्यावर कधी बोलणंही झालं नाही. दुसऱ्या टोकाला बाराही जणी बरोबर निघायच्या.

दिवाळीनंतर शाळेत बायकांसाठी दोन दिवसांचं शिबिर झालं. परभणीहून आलेल्या मॅडमनी पुढारपण कसं करावं ते सांगितलं. मोबाइलवर त्यांनी करकोच्यांची रांग दाखवली. पुढचा पक्षी दमला की मागं जातो आणि दुसरा पुढं येतो, कोणी कायमचा पुढारी नसतो, असं त्या म्हणाल्या. करकोचे आम्हाला नवे नव्हते. हिवाळ्यात ते आमच्याच हरभऱ्यावर उतरतात आणि आम्ही त्यांना हाकलतो. पण त्यांच्याकडून काही शिकायचं असतं, हे कधी मनात आलं नव्हतं.

शेवटी मॅडमनी प्रत्येकीला उभं केलं आणि गावात जाऊन काय बदलाल ते विचारलं. माझी पाळी आली तेव्हा कसंबसं बोलले की आमच्यात रोज एक नवी बाई पुढं राहील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी टाळ्या वाजल्या त्या तेवढ्याच. आत्याही वाजवत होती.

हरभऱ्याची खुरपणी सुरू झाल्यावर मी तसं केलं. रोज एक नवी बाई पहिल्या पातीवर. आमच्यातल्या तरुण पोरींना गंमत वाटली, कामही बरं झालं. सातव्या दिवशी आत्याची पाळी होती.

ती म्हणाली, "राहू दे माय, मला मधीच बरं हाय."

तिला वगळलं तर तिचा अपमान होईल, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर त्या टाळ्या अजून कानात होत्या. "आत्या, पाळी तुमची हाय. आपल्यात सगळ्या सारख्या," मी म्हणाले. आयुष्यात एवढं ठाम मी कोणाशी बोलले नव्हते. ती पुढं जाऊन बसली.

तिच्या एका बाजूला बांध, म्हणजे हात लावायला एकच शेजारीण. आणि तिला मागं टाकून पुढं कसं जायचं, म्हणून बाकीच्याही हळू झाल्या. दुपारपर्यंत रोजच्या निम्मंही रान झालं नाही. मालक मोटारसायकलवरून आला, बांधावर उभा राहिला आणि बराच वेळ आत्याकडं बघत राहिला.

"ही बाई रोज अशीच करती का?" त्यानं मला विचारलं.

सगळ्यांची खुरपी थांबली. तिला आज मी पुढं बसवलं, रोज काम पुरं निघतं, एवढंच सांगायचं होतं. मी मातीकडं बघत राहिले. माझं गप्प राहणं म्हणजेच उत्तर, असं त्यानं धरलं.

"उद्यापासून अकराच या."

संध्याकाळी घरी आल्यावर मी त्याला फोन लावला. काय बोलायचं ते मनात चार वेळा घोकलं होतं. तो म्हणाला, "बोल." माझ्या तोंडून निघालं, "उद्या किती बायका?"

"सांगितलं ना, अकरा."

ही गोष्ट बाकीच्या मालकांपर्यंत पोचायला आठवडाही लागला नाही. कोणीच आत्याला रानात घेईना. मी तिच्याकडं गेले तेव्हा ती दारात बसली होती. रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मधी होते तवर कुनाला दिसत नव्हते." मग तिनं विचारलं, "सहाव्या पातीवर आता कोन बसतंय?"

"कोणी न्हाई. सगळ्या सरकून बसलो," मी म्हणाले.

पाळ्या त्या दिवसापासून बंद झाल्या, पुन्हा कोणी त्यांचं नावही काढलं नाही. रोज मीच पुढं असते. यंदा उठताना माझा उजवा गुडघा वाजायला लागलाय. शेजारच्या पातीवरची पोर माझ्या ओळीतलं हातभर गवत काढत जाते आणि मी न बघितल्यासारखं करते. बांधावर गाडीचा आवाज आला की ती हात मागं घेते, आणि मी खुरपं जोरात चालवायला लागते.