सुमनची परात

ढण. ढण. ढण.

पितळी परातीवर लाटणं. आमच्या देवळीच्या गल्लीत हा आवाज आला की समजायचं, कुणाच्या तरी घरात बाई मार खाते आहे.

वाजवणारी माझी बायको. सुमन.
आज तिला जाऊन वर्ष झालं.

(बाकीची नावं बदललीत. ज्यांची गोष्ट आहे, त्यांना विचारूनच लिहितोय.)

मी मराठीचा मास्तर. संध्याकाळी ओसरीवर बसून शाळेतल्या कविता चालीवर म्हणायचो. अजून म्हणतो. ऐकायला कुणी नाही.

एकदा ऐन रंगात आलो असताना ती परात घेऊन उठली.
"अगं, कडवं तरी पुरं होऊ दे."
"तुमचं कडवं कुठं पळून नाई जात. तिकडं नंदी मार खाऊन राह्यली."

परात वाजली की बाया हातातलं काम टाकून निघायच्या. कुणाच्या हाताला कणीक, कुणाच्या कडेवर लेकरू. त्या घराच्या ओट्यावर जाऊन बसायच्या. शिवी नाही, मारामारी नाही.
सुमन फक्त मार खाणारीला विचारायची, "तुले काय पायजे?"

ही नंदा आधी ठाण्यात जाऊन आली होती. नवरा, देवराव, आत गेला. त्याचं कापसाच्या जिनिंगमधलं काम सुटलं. जामिनावर आला तो दुप्पट मारायला लागला. मग कोर्टाच्या तारखा.

"काकू, कोर्टात मले साक्षीदार म्हन्तेत. मार मी खाल्ला अन् मीच साक्षीदार! मले काय पायजे, हे कोनीच नाई इचारलं."
"मंग सांग ना, बाई."
"झोप पायजे. रातभर. भेव न वाटता."

त्या दिवशी गल्लीनं ठरवलं. बाई घरात राहील, माणूस बाहेर जाईल.

देवराव काकाच्या गोठ्यात झोपायला गेला. त्याचा डबा पाळीपाळीनं आमच्या घरांतून. डबा नेणारी बाई समोर बसून विचारायची, "हात काऊन उठला?" उत्तर मिळेपर्यंत हलायची नाही.
कापूस वेचून संपला, तरी नंदा 'ये' म्हणाली नव्हती. म्हणाली, तेव्हाच तो घरी आला.

मी चिडायचो. "अगं, कायदा आहे! असल्या माणसाला सडू दे आत."
"सडून थो येईन कुठं? इथंच ना, नंदीपाशी. तवा तिच्याजवळ कोन राहीन? तुमचा कायदा?"


पण परात दर वेळी पुरी पडली नाही.

गल्लीतली एक पोरगी बोरगावला दिलेली. तिथं कुणी परात वाजवली नाही. सावंगीच्या दवाखान्यात डोळे उघडले तेव्हा म्हणाली, मला केस करायची. सुमन तिच्यासोबत ठाण्यात बसली, तारखेला गेली.
"तिले केस पायजे, तर केस. आपन कोन ठरोनारे?"

वर्षभर परात खिळ्यावर आहे.
गल्लीत आता कूलरचे आवाज. कुणी ओरडलं तर पोलिसांना फोन फिरवायचा आणि खिडकी लावून घ्यायची. तो जीव दुसऱ्या दिवशी कसा आहे, हे विचारायला कोण जातं?
मी परातीकडे बघतो. कवितांचं पुस्तक उघडतो. मिटतो. परत बघतो.

आज दुपारी इथवर लिहिलं आणि दार वाजलं.

देवराव.

पार पिकला आहे. गोठ्यात गेला तेव्हापासून आमचा उंबरा चढला नव्हता. चपला काढून बाहेरच उभा.

"मास्तर, काकूची परात द्या."
"काऊन रे?"
"पोराचा हात उठला. सुनेवर."

माझ्या तोंडून सुमनचाच प्रश्न निघाला. "तिले काय पायजे?"

"तिनंच पाठोलं. म्हन्ली, बाया बलावा."
मग खाली बघत म्हणाला, "मी वाजोली, तर येतीन का बाया?"

मी आत गेलो.
परात काढली. लाटण्यासकट त्याच्या हातात दिली आणि त्याच्यामागून निघालो.

सुमन, तुझ्या फोटोला आज हार घालायचा राहूनच गेला.