आबासाहेबांच्या दोन न्याहाऱ्या

छबूबाईंच्या हातच्या जेवणाला नाव ठेवणारा माणूस कन्हेरीत अजून जन्माला यायचाय, असं त्या स्वतःच सांगतात. आणि ते खोटं नाही. चार माणसांचा स्वयंपाक असो की चाळीस माणसांची पंगत, बाईचं मीठ कधी चुकलं नाही. अशा बाईला साठीच्या तोंडावर ओट्सच्या एका पुड्यानं रडकुंडीला आणलं, त्याची ही हकिकत.

झालं असं, की त्यांच्या मालकांची, म्हणजे आबासाहेबांची, साखर वाढली. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "सकाळच्या तीन-तीन भाकऱ्या बंद. त्याऐवजी वाटीभर ओट्स, भाज्या घालून. तीन महिने देते. साखर उतरली तर ठीक, नाहीतर रोज इन्सुलिनचं इंजेक्शन."

आबासाहेब हा उधळलेला खोंड वेसणीला धरून थांबवणारा गडी, पण सुई दिसली की त्याला घाम फुटतो. छबूबाईंना सुईचं काही वाटत नव्हतं. त्यांचे थोरले दीर तात्याबा, त्यांचा एक पाय साखरेनंच गेला होता. तात्याबा ओसरीवर कुबड्या शेजारी ठेवून बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून हाक मारतात. पण त्यांच्या दारावरून जाताना छबूबाईंची नजर नवऱ्याच्या पायांकडे जायची.

बारामतीत नोकरी करणाऱ्या सुनेनं, मोनानं, दुसऱ्याच दिवशी पुडा पाठवून दिला. छबूबाईंनी तो फोडून पाहिला. धान्यच ते, त्यात एवढं काय. त्यांनी ते तीन पाण्यांनी चोळून धुतलं, कुकरला लावलं आणि तीन शिट्ट्या काढल्या. झाकण उघडलं तर आत नुसती खळ. आबासाहेबांनी चमचा उभा रोवला, तो तसाच उभा राहिला.

"ह्यानं गोठा लिंपला तर भिंतीला धा वरसं बघायला नको," ते म्हणाले.

मोना फोनवर खूप हसली. "आई, ओट्स धुतात होय?"

"न धुता धान्य शिजवायचं ही कुठली गं रीत तुमची?" असं म्हणून छबूबाईंनी फोन ठेवला. राग आला होता, पण सुनेचा नाही. चाळीस माणसांचा अंदाज असलेल्या हाताला वाटीभर दाणे जुमानत नाहीत म्हणजे काय?

चार दिवस त्यांनी त्या पुड्याशी झुंज दिली आणि पाचव्या दिवशी त्याला वळणावर आणलं. ओट्स रव्यासारखे कोरडेच मंद आचेवर खरपूस भाजून घेतले. कढईत बेताचं तेल, त्यात मोहरी-जिरं, कढीपत्ता, ठेचलेला लसूण आणि मिरची. मग कांदा, गाजर, मटार, मूठभर मेथी, हळद, मीठ. वर दुप्पट आधणाचं पाणी ओतून त्यात ओट्स सोडले आणि पाच मिनिटं झाकण ठेवलं. उतरवताना दाण्याचं कूट, कोथिंबीर आणि लिंबू. वाफेला असा वास सुटला, की आबासाहेब हाक न मारताच चुलीपाशी येऊन बसले.

"बरं लागतंय की गं," ते म्हणाले आणि ताट पुसून खाल्लं.

झालं, बाईंचा जीव भांड्यात पडला. मग रोज सात वाजता गरम ओट्स, साडेसातला आबासाहेब शेतावर. दीड महिना एक दिवस चुकला नाही. आणि दीड महिन्यानं तपासलं तर साखर उतरायची सोडून होती तिथंच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आबा, आणखी काय खाता?"

"कुठं काय," आबासाहेब म्हणाले. तोंडावर पाप नाही, लपवाछपवी नाही. अडतीस वर्षं संसार केलेल्या बाईला नवरा खोटं कधी बोलतो हे कळतं, आणि हा माणूस खोटं बोलत नव्हता. मग साखर काय आकाशातून पडते?

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला त्या न सांगता शेतावर गेल्या. भेंडीचा तोडा चालू होता. भेंडी खाजते, म्हणून बाया हातात जुने पायमोजे घालून तोडतात. ते मोजे बांधावर ओळीनं काढून ठेवलेले होते आणि सात बायांचं कोंडाळं न्याहारीला बसलं होतं. मधोमध आबासाहेब. ठमाबाईनं आपल्या भाकरीचा चतकोर मोडून त्यांच्या पुढ्यात ठेवला, त्यावर ठेचा. मग दुसरीनं चतकोर, तिसरीनं चतकोर.

ही छबूबाईंच्या सासऱ्यापासूनची रीत, इतकी जुनी की त्यांच्या ध्यानातच राहिली नव्हती. रानात राबणाऱ्यांबरोबर मालकानं न्याहारीला बसायचं आणि प्रत्येकीच्या फडक्यातला चतकोर घ्यायचा. नाही घेतला तर मालकाला मस्ती आली म्हणतात. सात बाया, सात चतकोर, म्हणजे पावणेदोन भाकऱ्या.

"अवं, घरून खाऊन आलाय न्हवं तुमी?" छबूबाईंनी विचारलं.

"ते व्हय? ते औषाद. डाक्टरनं घ्यायला सांगितलं, घेतो. ही न्याहारी हाय," आबासाहेब शांतपणे म्हणाले आणि घास तोंडात टाकला.

आता ह्या माणसावर ओरडावं की डोकं आपटून घ्यावं? छबूबाई बांधावर बसल्या. रागवायला म्हणून तोंड उघडलं आणि रडूच आलं. "ठमाबाय, आमच्या तात्याबांचा पाय बघितलाय न्हवं तुमी? मला ह्यांच्याबी पायाची भीती वाटती हो."

ठमाबाई वयानं सगळ्यांत मोठी. तिनं आबासाहेबांच्या पुढ्यातले चतकोर एकेक करून उचलले आणि जिचे तिला परत दिले. "अगं बया, म्हंजे आमीच घालत हुतो की त्यांला खड्ड्यात. सांगायचं न्हाय व्हय आदी?"

आबासाहेब खाली बघत राहिले. "बायांची भाकरी कशी नाकारू?" एवढंच म्हणाले. छबूबाईंना ते पटलं. तीच तर सगळी अडचण होती. रीत मोडायची नाही आणि भाकरी खायची नाही.

घरी येताना वाटेतच त्यांना सुचलं.

दुसऱ्या दिवशी सात वाजता आबासाहेबांना नुसता बिनसाखरेचा चहा मिळाला. नऊला छबूबाई डोक्यावर भलं मोठं पातेलं घेऊन बांधावर हजर. चाळीस माणसांचा अंदाज असलेला हात शेवटी कामाला आला होता. सात बायांना सात ताटल्या वाढल्या, वाफाळत्या. आठवी ताटली रिकामीच आबासाहेबांपुढं ठेवली.

"आन मला?"

"तुमची रीत हाय ती चालवा की."

ठमाबाईला कळायला वेळ लागला नाही. तिनं आपल्या ताटलीतला एक चमचा भरून आबासाहेबांच्या ताटलीत टाकला. मग दुसरीनं, तिसरीनं. सात चमच्यांत बरोब्बर वाटीभर न्याहारी झाली. "भाकरी दुपारी खाऊ, आमची आमी," ठमाबाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या. आबासाहेबही हसले. तेव्हापासून रोज हेच. सगळ्यांना वाढून झालं, की पातेल्याच्या तळाला राहील ते छबूबाई घरी नेऊन भांडी घासायच्या आधी खायच्या.

तीन महिने भरले त्या शनिवारी रिपोर्ट आला. साखर उतरली होती. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनचं नाव काढलं नाही, फक्त म्हणाल्या, "हेच चालू ठेवा." आबासाहेब दवाखान्याच्या पायऱ्या दोन-दोन करून उतरले.

पण छबूबाईंच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी सातही बाया परगावी लग्नाला जाणार होत्या, तोड्याला पहिल्यांदाच सुट्टी. साखर उतरलेली, कोंडाळं नाही. आता हा माणूस भाकरी मागणार. त्यांनी तरीही ओट्सच केले, ताटली भरली आणि त्यांच्यापुढं ठेवून नेहमीसारख्या चुलीपाशी उभ्या राहिल्या.

आबासाहेबांनी ताटली उचलली आणि समोरच्या रिकाम्या पाटापुढं सरकवली.

"ठमाबाय आज न्हाय," ते म्हणाले. "तू बस. आदी तू खा, मग तुझ्यातलं मला दे."

अडतीस वर्षांत त्या कधी त्यांच्याआधी जेवल्या नव्हत्या. पण आबासाहेब दुसरी रिकामी ताटली पुढं धरून बसले होते, हटायचं नाव नाही. शेवटी त्या पदर सावरून पाटावर बसल्या. एक चमचा खाल्ला, जिभेला चटका बसला. दुसरा त्यांच्या ताटलीत टाकला.

इतके दिवस हातानं करत होत्या, पण गरम असताना ओट्स कसे लागतात हे छबूबाईंना त्या दिवशी कळलं.