वाटी रिकामी जायची नाही

आमच्या नानांइतका देता हात अख्ख्या धुळ्यात दुसरा झाला नाही, आणि त्यांच्या देण्यापासून स्वतःला वाचवणं यासारखं अवघड कामही दुसरं नव्हतं. नाना म्हणजे माझे चुलत सासरे. देवपुरात आमच्या आणि त्यांच्या घराची भिंत एकच. ऐंशीच्या दशकात मी लग्न होऊन जळगावहून आले, तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं, "नानांकडून वाटी परत आली की आधी आत बघ, मगच धू." मला वाटलं, लाडूबिडू येत असेल. मी हौसेनं भरीत पाठवलं. वाटी परत आली, तर आत दोन कॅप्सूल, लाल-काळ्या! सोबत निरोप : "घसा दुखना ते खाई लेजो."

शेजारच्याची वाटी रिकामी धाडायची नाही, ही आपल्याकडची रीत. कोणी गूळ घालतं, कोणी मूठभर शेंगदाणे. नानांना हे फारच किरकोळ वाटे. आजारी पडले की डॉक्टरांकडे जायचे, गोळ्या आणायचे, आणि जरा अंग हलकं झालं की उरलेल्या गोळ्या शेवेच्या रिकाम्या डब्यात. "आते माले बरं वाटस, मंग कसाले गोया? ठेवी दे, कोना तरी कामले येतीन." कामाला कोणाच्या, ते वाटीवर ठरायचं. लाल-काळी घशाला, पिवळी पोटाला, पांढरी कशालाही. हे शास्त्र त्यांचं त्यांनीच रचलेलं. समोरच्या शिंप्याला एकदा खोकल्यावर पांढरी दिली, तर बिचाऱ्याच्या अंगभर गांधी उठल्या आणि ओठ सुजून आला. दवाखान्यात सुई टोचून घेतली तेव्हा कुठे तो माणसात आला. नाना मात्र गल्लीभर सांगत फिरले, "अंगमायली उष्णता बाहेर निंघनी!" काय बोलणार आता या माणसाला!

बरं, औषध अर्धं टाकणारा हा माणूस पानात मात्र शीत टाकायचा नाही. जेवण झालं की ताटात पाणी ओतून, ताट धुऊन, ते पाणी पिऊन टाकायचे. दुसऱ्यानं टाकलेलंही त्यांना खपत नसे. पुतणीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा मुलाच्या वडिलांनी खापरावरची पुरणपोळी अर्धी सोडली आणि हात धुवायला उठू लागले. नाना समोर बसून राहिले. बोलले काहीच नाहीत, नुसते त्या अर्ध्या पोळीकडे बघत राहिले. पाहुण्यांनी घाम पुसत पुसत पोळी संपवली, मगच देण्याघेण्याचं बोलणं सुरू झालं.

अशात नानांना मुदतीचा ताप आला. डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या, पथ्य सांगितलं, "सगळ्या संपवायच्या" असं दोनदा बजावलं. ताप उतरला. नाना ओट्यावर येऊन बसले आणि आजारपणात भेटायला आलेल्यांच्या वाट्या जमल्या होत्या, त्या परत करायला लागले. पुढे काय झालं ते सांगायला नकोच. थोड्याच दिवसांत ताप उलटला, आणि असा उलटला की नाना स्वतःच्या बायकोला, आमच्या काकूंना, ओळखेनात. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, नुसता पडून छताकडे बघायचा.

डॉक्टर घरी आले. "गोळ्या संपवल्या का?" काकूंनी पदर तोंडाला लावला. "गल्लीत वाटल्या," त्या म्हणाल्या.

"बारशाचे पेढे होते का ते?" डॉक्टर कडाडले. "ताप गेला म्हणजे जंतू मेले असं नाही, नुसते अर्धमेले झाले होते. तुम्ही औषध थांबवलंत, ते उठून बसले, आणि आता आधीपेक्षा निबर झालेत."

बातमी गल्लीत पसरली आणि जो तो वाटी घेऊन धावत आला. शिंपीसुद्धा! प्रत्येक वाटीत नानांच्याच गोळ्या, कोणाच्या जुन्या, कोणाच्या ओलसर झालेल्या. मला रडूच कोसळलं. डॉक्टरांनी मात्र एकही घेतली नाही. शेवेचा डबाही मागवला आणि सगळं नष्ट करायला स्वतःबरोबर नेलं. नवं औषध लिहून दिलं. नानांचं डोकं ठिकाणावर येईपर्यंत आम्ही सगळ्यांनी देव पाण्यात ठेवले होते.

ताप उतरला. आणि उतरल्याबरोबर नाना म्हणाले, "आते माले बरं वाटस..."

मी डोक्यावरचा पदर दातात धरून तशीच स्वयंपाकघरात गेले. जेवणाबरोबर दिली तर चालेल, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं होतं. ताटात मऊ भात, मुगाचं वरण, डाव्या बाजूला मीठ आणि मिठाशेजारी कॅप्सूल वाढली. नाना भात जेवले, ताट चाटूनपुसून घेतलं. कॅप्सूल तेवढी राहिली.

"नाना," मी म्हटलं, "पानात टाकताय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोर बसून राहिले, बोलले काहीच नाही, नुसती त्या कॅप्सूलकडे बघत राहिले. काकू दाराआडून खुदकन हसल्या. नानांनी मुकाट्यानं कॅप्सूल गिळली, ताट धुतलं, ते पाणी प्यायले. असं रोज चाललं, औषध संपेपर्यंत. शेवटची गिळली त्या दिवशी ते स्वतःच म्हणाले, "देख पोरी, पान साफ शे." इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी माझी वाटी परत आली. आत गुळाचा खडा. नाना स्वतः काठी टेकत घेऊन आले होते, चेहरा ओशाळलेला. "डबा लयी गया डॉक्टर. आते घरमा इतलंच शे."

त्यानंतर नाना खूप वर्षं जगले, गल्लीभर गूळ वाटत. आता नाहीत. आमच्या घरी आजही कोणाला अशा गोळ्या चालू असल्या, की मी त्या ताटातच वाढते. पलीकडच्या घरात भाडेकरू आलेत. माणसं चांगली आहेत, भरीत आवडीनं खातात. वाटी घासून, लख्ख करून परत देतात. मी अजून ती धुण्याआधी आत बघते.