चौथा व्हॉल्व्ह

माझ्या जुन्या जर्मन गाडीचं इंजिन संगमनेरच्या मिस्त्रींनी खोललं आणि जळका धूर बाहेर सोडणारे चारही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह फेकून द्या म्हणाले. तीन मी फेकले. चौथा चकचकीत होता. मूळचं पोलाद, उगाच कशाला टाकायचं? मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. मला कुणी शिकवलेलं खपत नाही.

"सर, ह्या इंजिनात पानी नस्तं, हे वाऱ्यावर गार होतं," मिस्त्री म्हणाले. "पान्याचं इंजिन तापलं की वाफ सोडून बोंबलतं. हे आधी काय सांगत न्हाई."

"गाडी माझी आहे ना? बसवा!" मी आवाज चढवला.

त्यांनी बसवला. गाडी ताब्यात देताना म्हणाले, "जुन्या व्हॉल्व्हला फट जरा जास्त ठेवलीय, टकटक वाजंल. वाजतोय तवर धड हाय. गप झाला की समजा, तापून लांबलाय. मग मुंडकं तुटून आत पडतं आन् इंजिन जाम."

हे मी बायकोला सांगितलं नाही. त्या टकटकीला ती वैतागायची. मी मात्र गाडीत रेडिओ लावणं सोडलं.

परवा भर दुपारी आम्ही पुण्याला निघालो. चंदनापुरी घाटाच्या ऐन चढावर, मागे उसाचा ट्रक चिकटलेला असताना, ती मागे रेलून समाधानानं म्हणाली, "अहो, ऐकलंत का? किती शांत चालतेय आता!"