मामांची बँकॉकची खरेदी

परदेशात जाऊनही बुऱ्हानपूरच्या बाहेर पाऊल न टाकलेला माणूस जगात एकच असेल, आणि तो म्हणजे माझे मामा. मूळचे जळगावकडचे; उभी हयात कागदाच्या गिरणीत गेली आणि निवृत्तीनंतर बुऱ्हानपूरच्या लालबागेत घर बांधून राहिले. लग्नपत्रिका हातात पडली की नवरा कोण, नवरी कोण हे पाहण्याआधी ते कागद बोटांत चोळतात आणि ‘माल हलका आहे’ असा निकाल देऊन मोकळे होतात. बाकी सगळ्या दुनियेला त्यांच्याकडे माप एकच, बुऱ्हानपूर.

मामींनी फारच हट्ट धरला म्हणून दोघं थायलंडच्या सहलीला गेले. बँकॉकच्या हॉटेलात पहिल्याच सकाळी मामांनी केळं सोललं, एक घास खाल्ला आणि वाढणाऱ्या पोराला प्रेमाने सांगितलं, “भैया, केला खाना है तो हमारे बुऱ्हानपूर के पास दापोरा आओ.” ‘केला’ एवढंच कळलेल्या त्या बिचाऱ्याने आणखी केळी आणून ठेवली. तिथल्या सूपबद्दल त्यांचं मत असं, की आमटी बढिया आहे, फक्त करणारा गवत काढायला विसरला. नूडल्सवर ते घरचा ठेचा घालून खात. एका दुकानदारणीने तो चाखला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, तेव्हा कुठे मामांना तो देश आवडला.

मग बाजारात त्यांच्या अंगात आलं. फ्रिजला चिकटवायचे हत्ती, पाठीवर काडी फिरवली की ओरडणारे लाकडी बेडूक, कीचेन! दूधवाल्यापासून गिरणीतल्या जुन्या सोबत्यांपर्यंत कुणी सुटलं नाही. खकनारच्या व्याह्यांसाठी घेतलेल्या हत्तीची सोंड खाली आहे, ते शुभ नाही म्हणून तो बदलायला ते भर उन्हात परत निघाले. वाटेत मामी एका गाडीपाशी थांबल्या. एक बाई आंब्याच्या फोडी, चिकट भात आणि वरून नारळाचं दूध असं काहीतरी देत होती.

“अहो, बसू ना जरा. खाऊन तर बघू.”

“भातासोबत आंबा? घरी चल, रस काढून देतो. आधी व्याह्यांचं आटपू दे.”

“मग उद्या?”

“पुढच्या खेपेला गं. बँकॉक काय पळून चाललं?”

मामी हसल्या आणि मामांच्या हातातली एक पिशवी घेऊन मागोमाग चालू लागल्या.

घरी आल्यावर दिवाणखान्यात वाटप झालं. मी तिथेच होतो. शेजारच्या वहिनींनी विचारलं, “आणि मामींना काय आणलं?” मामा गोंधळले. “तिला कशाला? ती तर सोबतच होती ना!” सगळे खो खो हसले. सर्वांत जास्त मामी.

पुढची खेप झालीच नाही. त्या हिवाळ्यात मामींना ताप आला, तो उतरला नाही.

अलीकडे मामा कुणाकडे गेले की ओसरीवरच बसतात. कितीही आग्रह केला तरी स्वयंपाकघराकडे जात नाहीत. लालबागेत घरोघरी फ्रिजवर त्यांचे हत्ती आहेत.

गेल्या उन्हाळ्यात मी सहज म्हणालो, “मामा, चला, एकदा जाऊन येऊ.”

“जाऊ. पण या वेळी कुणासाठी काही आणायचं नाही.” मग आवाज खाली आला. “फक्त तिच्यासाठी आणू. आता ती सोबत नसणार ना.”