तुकादादाची टाळी

कार्यक्रमाला उभं राहण्याआधी तुकादादा माझ्या उजव्या हाताची नखं तपासायचा, शाळेत गुरुजी तपासायचे तशी. वाढलेली दिसली की त्याच्या खिशातून नेलकटर निघायचं. "तुझा हात माझ्या गालापासून बोटभर लांबून जातो, सुऱ्या. त्या बोटभरावर आपलं पोट हाय."

आम्ही दोघं जोकर. शेलूच्या नव्या सोसायट्यांतले वाढदिवस, खालापूरकडची फार्महाऊसं, शाळांची गॅदरिंगं. तो दहिवलीचा, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. घरची थोडी भातशेती होती. लावणी-कापणीच्या दिवसांत कुणी कितीही गळ घातली तरी तो सुपारी घेत नसे. मी उंच आणि रागीट जोकर, तो बुटका आणि वेंधळा. माझा केक तो खायचा, मी त्याच्या थोबाडीत द्यायचो आणि पोरं हसून लोळायची. थोबाडीत अर्थात खोटी. माझा हात गालासमोरून जायचा, नेमकं तेव्हाच तो पोटापाशी टाळी वाजवून मान झटकायचा. एकदा एका आजीबाईंनी मला बाजूला घेऊन चांगलं झापलं, "गरिबाला इतकं मारू नये रे." तुकादादा मागे उभा राहून खोटे डोळे पुसत होता, लबाड कुठला.

मग त्याला अर्धांगवायूचा झटका आला. चार महिन्यांनी तो चालू-बोलू लागला, पण डावा हात काही उठेना. तरी हट्टानं पुन्हा उभा राहिला. पहिल्याच कार्यक्रमात माझा हात गेला, त्यानं मान झटकली आणि आवाजच नाही. पोरं नुसती बघत राहिली. परतताना टेंपोत म्हणाला, "उद्यापासून खरी मार."

"येडा हायस का, दादा?"

"मला काय व्हत नाय. आवाज पायजे. आवाजाबिगर पोरं कशाला हसतील रं?"

मी मारली. पाच कार्यक्रमांत मारली. हे लिहिताना लाज वाटते. हळू मारली तर तो नंतर माझ्यावर चिडायचा. पाचव्या खेपेला रंग पुसताना त्याच्या गालावर माझी बोटं उमटलेली दिसली आणि मी सांगून टाकलं, "बास. माझ्याच्यानं नाय व्हायचं."

तो बराच वेळ एकाच जागी कापूस फिरवत राहिला. "मंग मी काय करू रं घरी?" एवढंच म्हणाला.

मी दुसरा जोडीदार घेतला. दहिवलीवरून जाताना त्याच्या घराकडे वळायचं टाळू लागलो. कापणी झाली की जाऊ, असं मनाला सांगत दोन महिने काढले. तेवढ्यात दुसरा झटका आला आणि तो गेला.

दहाव्याला गेलो. वहिनी रागावल्या नाहीत, त्यानंच जास्त लागलं. म्हणाल्या, "तुमी आला नाय, भावजी. रोज दुपारी बसायचे. उजवा हात मांडीवर मारायचे नि मान झटकायचे. मला समोर उभं करायचे, म्हणायचे, तू सुऱ्यासारखा हात फिरव. मांडी निळी पडली व्हती. पण आवाज अगदी पयल्यासारखा यायला लागलेला."

"मग मला बोलावलं का नाय?"

"मी म्हटलं त्यांना. तर म्हणाले, तो माझ्यापायी लय दुखावलाय. आपल्या मनानं येईल, तवाच दाखवीन."

मांडीवर थाप. इतकी साधी गोष्ट तेव्हा आम्हा दोघांनाही सुचली नव्हती. त्याला ती सुचली, त्यानं ती घोटून घोटून बसवली, आणि मी येईन म्हणून तो वाट बघत राहिला.